वीस किलो बटले

इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या मागे, तिसऱ्या गल्लीत शोभनाकाकू धायगुडे राहतात. त्यांच्या घराचा नंबर कुणी विचारत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, काकूंचा आवाज कुठून येतोय ते ऐकायचं आणि त्या दिशेने चालत राहायचं. घर आपोआप येतं. एकोणतीस वर्षं त्या मराठी शाळेत चौथीला शिकवत होत्या. त्या काळात शेजारच्या तिसरीच्या वर्गाचा चौथीचा अभ्यासही आदल्याच वर्षी पुरा होत असे. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांच्याकडून कपाटाची किल्ली, हजेरीपट आणि छडी परत घेतली. आवाज परत घ्यायचा नियम नसल्यामुळे तो त्या घरी घेऊन आल्या.

धायगुडे घराणं होळकरांच्या फौजेतलं. इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांप्रमाणे याही घरात एक पणजोबा आहेत, ज्यांचा घोडा महाराजांच्या घोड्याच्या अगदी शेजारून चालत असे. अशा सगळ्या पणजोबांची बेरीज केली, तर महाराजांच्या शेजारी कमीत कमी साडेचारशे घोडे होतात. महाराजांना स्वतःला लगाम ओढायला तरी जागा उरत होती की नाही, शंकाच आहे. काकूंचे यजमान प्रतापराव यांनी घराण्याची रीत घोड्याशिवाय चालवली. चोवीस वर्षं फौजेत काढून ते नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात गप्प बसून आहेत. दिवसाला सरासरी अकरा शब्द. त्यातले चार ‘हं’.

या घरातलं तिसरं माणूस म्हणजे सत्कार. काकू महिला मंडळाच्या अध्यक्ष. कुणी काही चांगलं केलं रे केलं की त्यांच्या हाताला शाल शिवशिवायला लागते. मंडळाने दहावीत एकाहत्तर टक्के मिळवणाऱ्या मुलाचा सत्कार केला, नळदुरुस्तीवाल्याचा केला, गल्ली झाडणाऱ्या सुमनबाईंचा तर शहर सफाईत पहिलं आलं की दर वेळी करतात. हल्ली सुमनबाई स्वतःच विचारतात, ‘मॅडम, अबकी बार कब है?’ एका गृहस्थांचा सत्कार ते मोतिबिंदूचं ऑपरेशन करून परत आले एवढ्यावरच झाला. हार घातला तेव्हा तो त्यांना नीट दिसला, यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याचं कौतुक होतं तो माणूस बरा होतो, मग त्याला काहीही झालेलं असो, ही काकूंची पक्की समजूत होती आणि या समजुतीवर त्यांनी अर्धी कॉलनी बरी केली होती.

गच्चीवरच्या दोन खोल्यांमध्ये देवांश आणि पूर्वा चार वर्षांपासून भाड्याने राहतात. पूर्वा एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. देवांश फायर ब्रिगेडमध्ये. उंचापुरा, बत्तीस वर्षांचा, हसला की खालच्या मजल्यावर कळायचं असा. ड्यूटीवरून येताना गरम कचोऱ्यांचा पुडा आणायचा आणि जिन्यातूनच ओरडायचा, “काकू, पुडा पकडा, हात भाजून राहिलाय!” आगीत उतरणाऱ्या माणसाचा हात कचोरीने भाजतो यावर काकू रोज तितक्याच जोरात हसायच्या.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सांवेर रोडवर प्लास्टिकच्या एका गोदामाला आग लागली. देवांशने धुरातून दोन कामगारांना बाहेर काढलं आणि तिसऱ्यासाठी परत आत गेला. त्याचा हात हातात आला होता. तेवढ्यात छताचे पत्रे खाली आले आणि हात सुटला. दुसऱ्या दिवशी पेपरात देवांशचा फोटो छापून आला, वर मोठ्या अक्षरांत ‘जांबाज’. तिसऱ्या कामगाराची ओळ आतल्या पानावर होती.

तेव्हापासून देवांशचं हसणं बंद झालं. पूर्वाने कुकर लावायचं सोडलं, कारण शिट्टी झाली की तो भिंतीला जाऊन चिकटायचा. दिवसातून चार वेळा आंघोळ करायचा आणि तरी विचारायचा, “वास येऊन राहिला आहे का?” झोप तर जणू दुसऱ्या गावी राहायला गेली होती. सुट्टीवर होता, पण सुट्टीवरचा माणूस जितका घराबाहेर पडतो तितकाही पडत नव्हता.

एका रविवारी पूर्वा खाली आली आणि काकूंच्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजाच्या आडोशाने बोलली.

“काकू, यांच्या ऑफिसने तुकोगंजच्या एका डॉक्टरबाईंची चिठ्ठी दिलीये. असं झालं की त्यांच्याकडे जायचं असतं म्हणे. तर हे म्हणतात, मी काय पागल आहे क्या? आणि...”

“आणि काय?”

“इस्तीफा लिहून ठेवलाय. जानेवारीअखेर सुट्टी संपते ना, त्याच दिवशी देणार. नोकरीचं जाऊ दे हो, दुसरी मिळेल. पण हे एकदा त्या खोलीत बसले ना, तर मग बसूनच राहतील. बोलणार नाहीत, कुठे जाणार नाहीत. मला दिसून राहिलंय ते. एकदा, फक्त एकदा त्या बाईंकडे गेले पाहिजेत.”

काकूंचे डोळे भरून आले. डोळे पुसता पुसता त्यांचं निदानही झालं.

“अगं, कौतुक कमी पडलं त्याला! फोटो छापला आणि विसरले सगळे. तू टेन्शन घेऊ नको. मी बघते.”

काकू ‘मी बघते’ म्हणाल्या की मंडळाच्या सेक्रेटरी प्रेमलताबाई आपसूक वही उघडतात. आठ दिवसांत हॉल ठरला. देवांशला ‘चहापाण्याचा घरगुती कार्यक्रम’ एवढंच सांगितलं होतं, पूर्वालाही तेवढंच. फ्लेक्स करणाऱ्या माणसाने डोकं लढवून देवांशच्या लग्नातला फोटो कापून घेतला आणि त्याच्या भोवती चहूकडून पेटत्या ज्वाळा छापल्या. फेटा बांधलेला देवांश ज्वाळांमधून वऱ्हाडाकडे बघून हसतोय, असं ते चित्र होतं. प्रेमलताबाईंची स्वतःची कल्पना वेगळीच होती. सत्कारमूर्ती दारात आली की मोबाइल लाउडस्पीकरला जोडून फायर ब्रिगेडचा सायरन वाजवायचा. “एकदम माहौल बनेल,” त्या म्हणाल्या.

माहौल बनला.

देवांश पांढरा कुर्ता घालून दारात आला. सायरन वाजला. समोर ज्वाळा होत्या. तो ओरडला नाही, पळालाही नाही. पुढच्या दोन बायकांना खांद्याला धरून त्याने खाली बसवलं आणि कोरड्या, भराभर आवाजात म्हणाला, “खाली! सगळे खाली बसा! धूर वर असतो, खाली हवा आहे, जमिनीला धरून चला!”

बायकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. प्रात्यक्षिक. पहिल्या तीन रांगा हौसेने खाली बसल्या. एकीने टाळी वाजवली. दुसरीने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

सायरन संपला. देवांश गुडघ्यांवर होता, एका हाताने प्रेमलताबाईंचं मनगट घट्ट धरून. त्याने ते मनगट पाहिलं, मग हॉल पाहिला, मग फ्लेक्स पाहिला. हळूच मनगट सोडलं. “माफ करा,” म्हणाला आणि निघून गेला. काकूंच्या हातात शाल तशीच.

त्या संध्याकाळी पूर्वा खाली आली. काकूंना वाटलं, आता भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला काकूंकडे उत्तरं असतात. ती शांतपणे म्हणाली, “काकू, कृपा करून आता काही करू नका,” आणि वर गेली. पुढचे तीन दिवस गच्चीवरचं दार उघडलं नाही. पूर्वा ऑफिसला जाता-येता मान खाली घालून जिना उतरायची.

चौथ्या दिवशी दुपारी काकू जेवणाच्या टेबलाशी बसून रडत होत्या. त्यांचं रडणंही त्यांच्या बोलण्यासारखंच, शेजारच्या घरापर्यंत पोचणारं. समोर प्रतापराव वरणभात कालवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“माझाही केला होतास.”

“काय?”

“सत्कार. नव्व्याण्णवला. कारगिलहून आलो तेव्हा. याच अंगणात.”

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. “हो तर! माझ्या भावाने दहा हजार फटाक्यांची लड लावली होती. केवढी माणसं! आणि तुम्ही ऐन भाषणाच्या वेळी गायब. श्रीखंड बाधलं होतं तुम्हाला.”

“श्रीखंड नाही. मी मोरीत बसलो होतो.”

“मोरीत?”

“बादली डोक्यावर घेऊन. लोखंडी होती, म्हणून जरा बरं वाटलं.”

पंचवीसहून जास्त वर्षं शोभनाकाकू श्रीखंडाचा तो किस्सा सांगत आल्या होत्या. लग्नांत सांगितला, बारशांत सांगितला, व्याह्यांना पहिल्या भेटीत सांगितला. प्रतापराव पोट धरून कसे पळाले ते उठून करूनही दाखवलं. आणि दर वेळी प्रतापराव शेजारी बसून म्हणत, “हं.”

“मग मला सांगितलं का नाही हो?”

“तू फार खूश होतीस.”

काकूंना काही सुचेना. अशी वेळ त्यांच्या आयुष्यात फारशी आलेली नसल्यामुळे त्यांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला. मग हळू आवाजात विचारलं, “आणि मग बरं कशाने वाटायला लागलं?”

प्रतापरावांनी विचार केला. “बटल्यांनी.”

मटारला इंदुरात बटले म्हणतात, आणि थंडी सुरू झाली की इंदुरी माणसाचा सगळा संसार बटल्यांभोवती फिरायला लागतो. बटल्याची कचोरी, बटल्याचे पोहे, बटल्याची टिक्की. आणि उन्हाळ्यासाठी गोठवून ठेवायचे ते वेगळे. पोतं आणायचं, गच्चीवर उन्हात ओतायचं आणि घरात जितके हात असतील तितके कामाला लावायचे.

“त्या डिसेंबरात तू वीस किलो आणलेस. मला गच्चीवर बसवलंस सोलायला. महिनाभर.”

“अहो, नुसते भिंतीकडे बघत बसत होतात, म्हणून कामाला लावलं मी!”

“हं. आणि तू बोलत होतीस. तुझ्या मामेबहिणीचं लग्न. शाळेतल्या बाईंची भांडणं. मला काही विचारलं नाहीस.”

“विचारायला वेळ कुठे मिळत होता? मीच बोलत होते ना.”

“तेच,” प्रतापराव म्हणाले आणि पुन्हा वरणभाताकडे वळले. वर्षभराचे शब्द एका जेवणात खर्च झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीच्या जिन्यावर धपधप असा आवाज झाला. पुढे काकू, मागे पोतं घेतलेले प्रतापराव. पूर्वा ऑफिसला निघाली होती. तिने काही बोलण्याआधीच काकू म्हणाल्या, “काही करत नाहीये मी. बटले सोलतेय. गच्चीवर ऊन चांगलं येतं.” पूर्वाने आधी पोत्याकडे, मग काकूंकडे पाहिलं. तिचा विश्वास बसलेला नव्हता. पण बटले सोलणाऱ्या बाईला अडवायचं कसं, हे इंदुरात कुणालाच माहीत नाही.

प्रतापरावांनी अटी घातल्या होत्या. काही विचारायचं नाही. शाबास म्हणायचं नाही. उपदेश करायचा नाही. काकू चुकल्या तर ते खोकणार होते.

बंद दारासमोर काकू तीन तास बोलल्या. मामेबहीण इंदुमती हिच्या लग्नापासून सुरुवात केली. त्यात मुलाकडच्यांनी शेव कोणत्या दुकानाची आहे यावरून रुसवा धरला आणि पंगत उठवली होती. मधूनच आवाज मऊ व्हायचा, मान दाराकडे वळायची, “देवांश बाळा, तू...” आणि प्रतापराव खोकायचे. “माझ्यासारखीचं ऐकशील तर...” खोकला. “अरे, तू तर हिरो...” मोठा खोकला. पहिल्या दिवशी इतका खोकला झाला की समोरच्या गच्चीवरून प्रेमलताबाईंनी काढा पाठवला.

त्या दिवशी काकूंना आणखी एक गोष्ट दिसली. प्रतापराव कठड्याला पाठ लावून, जिन्याकडे तोंड करून बसले होते. तसे ते नेहमीच बसायचे. लग्नात, नाटकाला, स्वतःच्या बैठकीतसुद्धा. पाठीशी भिंत आणि समोर दार. एका लग्नात तर नवरदेवाच्या मामाला उठवून ती खुर्ची घेतली होती. काकू त्याला ‘धायगुड्यांचा हट्ट’ म्हणत आल्या होत्या. शेंग हातात धरून त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा इंदुमतीच्या लग्नाकडे वळल्या, पण शेवेच्या दुकानाचं नाव दोनदा चुकल्या.

तिसऱ्या दिवशी दार हातभर उघडं दिसलं. चौथ्या दिवशी देवांश बाहेर आला, दोघांपासून लांब, पाण्याच्या टाकीला टेकून बसला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. ‘किती वाळलास रे’ काकूंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि एक परात त्याच्याकडे सरकवली. त्याने एक शेंग उचलली. दाबली. टच् असा आवाज झाला. दाणे परातीत पडले. त्याने बोटं नाकाशी नेली, वास घेतला आणि दुसरी शेंग उचलली.

तासाभराने तो म्हणाला, “काकू, मग वऱ्हाडी जेवले का शेवटी?”

म्हणजे पहिल्या दिवसापासून दाराआडून सगळं ऐकत होता तर! काकूंच्या आयुष्यात इतका मोठा मान त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, “जेवले ना! पण आधी इंदुमती स्वतः मांडवातून उठून त्यांच्या खोलीत गेली. नवरी! बाशिंगासकट! म्हणाली, शेव खायची तर खा, नाहीतर मी चालले माहेरी. अरे, लग्न लागायचं होतं अजून, ती माहेरीच होती!”

देवांशचा ओठ एका बाजूला जरासा हलला. प्रतापराव खोकले नाहीत.

त्यानंतर तो रोज यायला लागला. आधी टाकीपाशी, मग टाकी आणि परात यांच्या मध्ये, मग परातीपाशी. पहिलं पोतं संपलं तसं काकूंनी गुपचूप दुसरं आणलं. एवढे बटले दोन माणसांच्या घरात कोण खाणार, हा प्रश्न त्यांनी प्रेमलताबाईंच्या फ्रिजवर सोपवला.

आठव्या का नवव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, खाली गल्लीत लोडिंग टेम्पोचं टायर फुटलं.

परात उडाली. बटले गच्चीभर घरंगळत गेले. काकू दचकून मागे वळल्या तर देवांश भिंतीला चिकटला होता, दोन्ही हात डोक्यावर. आणि त्याच्या शेजारी, त्याच भिंतीला, तस्सेच हात डोक्यावर घेऊन त्रेसष्ट वर्षांचे प्रतापराव. दोघेही धापा टाकत होते. दोघांनी माना वळवून एकमेकांकडे पाहिलं.

“टायर,” प्रतापराव म्हणाले.

“हां. टायर.” देवांशने हात खाली घेतले. “काका, तुम्हालाही?”

“हं.”

“इतकी वर्षं झाली तरी? मतलब, हे जात नाही?”

“कमी होतं. आधी दिवस जायचा सावरायला. आता...” प्रतापराव खाली बसले, एक शेंग उचलली, सोलली, दाणे तळहातावर घेतले. “आता एवढा वेळ.”

“कशाने कमी झालं?”

“थोडं हिच्या बडबडीने. थोडं तुकोगंजात जाऊन.”

“कुठलं तुकोगंज?” हे काकूंच्या तोंडून निघून गेलं. खोकायचं ज्याने त्यानेच गुन्हा केलेला असल्यामुळे खोकायला कुणी उरलं नव्हतं.

प्रतापराव परातीत बघत म्हणाले, “त्याच डॉक्टरबाई. सहा वर्षं झाली. दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी. आठ-दहा जण असतो आम्ही. फौजेतले, पोलीसमधले. एक अँब्युलन्सवाला आहे. नंतर नंतर पुन्हा वाढलं होतं माझं, तेव्हा एका जुन्या साथीदाराने नेलं.”

“आणि मला सांगत होतात पेन्शनचं काम आहे!”

“हं.”

सहा वर्षं! दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून नवरा पेन्शनच्या कामाला जात होता आणि कॉलनीतल्या प्रत्येक घरात भाजी कुठली शिजते हे ठाऊक असलेल्या शोभनाकाकूंना एकदाही शंका आली नव्हती. कारण सरकारी काम सहा वर्षं चालतं यात शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. उलट त्या सगळ्यांना सांगायच्या, ‘लवकरच होईल म्हणतात.’

त्यांना फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला, आपल्याला का नाही सांगितलं? आणि पाठोपाठ उत्तरही आलं. सांगितलं असतं तर पुढच्याच महिन्यात मंडळाने डॉक्टरबाईंचा सत्कार ठेवला असता, आठ-दहा जणांना स्टेजवर ओळीने बसवलं असतं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात हार. काकूंना ते चित्र अगदी स्पष्ट दिसलं. खुर्च्यांची कव्हरंसुद्धा दिसली. त्या वाकल्या आणि विखुरलेले बटले गोळा करायला लागल्या.

देवांशही वाकून गोळा करत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “पण काका, लोक पागल म्हणतील ना?”

“मला म्हणालं कुणी?”

“तुम्ही जाता हे कुणाला माहीतच नव्हतं.”

“हिला नव्हतं,” प्रतापराव म्हणाले. “हिला नाही म्हणजे इंदुरात कुणालाच नाही.”

देवांश हसला. आधी नाकातून, मग तोंडातून. खालच्या मजल्यावर कळावं असं ते हसणं नव्हतं; त्यातला फार तर चौथा हिस्सा. पण काकू पाणी आणायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

परत आल्या तेव्हा देवांश विचारत होता, “तिथे आत गेल्यावर काय विचारतात?”

“पहिल्या दिवशी काही नाही. नाव, गाव. चहा देतात. चहा वाईट असतो.”

“आणि मला नाही बोलता आलं तर?”

“मला चार महिने नाही आलं.”

“बाप रे. चार महिने काय केलंत?”

“चहा प्यालो.” प्रतापरावांनी शेवटची शेंग सोलली. “नव्या माणसांना त्या सोमवारी बघतात. मी बरोबर येतो. नाही आवडलं तर बाहेर येऊ. पोहे खाऊ. घरी येऊ.”

पूर्वा संध्याकाळी घरी आली तेव्हा देवांशने दाढी केली होती. रविवारी त्याने स्वतः तिला विचारलं, “ती चिठ्ठी कुठे ठेवलीस ऑफिसची?” पूर्वाने ती पर्समधून काढून दिली. दोन महिने तिथेच ठेवली होती तिने, चारही कोपरे मऊ होईपर्यंत.

सोमवारी प्रतापरावांनी स्कूटर बाहेर काढली. काकूंचा हात ओवाळायच्या तबकाकडे दोनदा गेला आणि दोनदा परत आला. त्यांनी देवांशच्या हातात फक्त हेल्मेट दिलं. “येतो,” तो म्हणाला. काकू म्हणाल्या, “ये.” स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली तशा काकू आणि पूर्वा पायरीवर शेजारी शेजारी बसल्या. त्या दिवशी पूर्वाने रजा घेतली होती. बसायला काही कारण नव्हतं आणि उठायलाही नव्हतं.

“काकू, दारातून परत तर नाही ना येणार?”

“आला तर पोहे खाऊन येईल. पुढच्या सोमवारी पुन्हा पाठवू. मी अजून दहा सोमवार बसेन इथे.”

दोन तासांनी स्कूटर आली. देवांशचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता, आणि फार थकलेला. तो पायरीपाशी थांबला. “पुढच्या सोमवारी परत बोलावलंय. सुट्टी वाढवायची चिठ्ठी देतात त्या. इस्तीफ्याचं म्हणाल्या, असल्या दिवसांत लिहिलेल्या कागदावर सही करायची नसते. सुट्टी संपली की आधी ट्रेनिंगच्या पोरांना शिकवायला जा, गाडीवर चढायचं मग बघू, म्हणे.” मग पूर्वाकडे बघत म्हणाला, “मी त्याचं नाव घेतलं तिथे. तिसऱ्याचं. घेता आलं.”

पूर्वाने त्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला. काकू चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवांश चहाचा कप घेऊन काकूंच्या ओसरीत उन्हात येऊन बसला. प्रतापरावांच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून. बोलता बोलता त्याची मान कलली. पूर्वाने धावत येऊन हातातला कप सोडवून घेतला. त्याला कळलंही नाही. दोन महिन्यांत दिवसाउजेडी माणसांमध्ये डोळा लागलेला तिने पहिल्यांदा पाहिला.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं सुरू झालं.

इंदुरात कचरागाडीचं गाणं थांबवणं म्हणजे सूर्याला जरा उशिरा ये म्हणण्यासारखं. काकू चपला न घालता धावल्या. गाडीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. “भिया, गाना बंद कर. अभी के अभी.”

“काकू, गाना बंद कर दूँ तो लोग कचरा लेके कैसे आएँगे? ऊपर से पूछेंगे तो?”

“लोक मी आणते.”

ड्रायव्हरने पन्नास वर्षांची ओळख असल्यासारखा निःश्वास सोडला आणि गाणं बंद केलं. काकू पहिल्या दारात गेल्या, तोंडावर बोट ठेवलं, गाडीकडे हात केला. मग दुसऱ्या दारात. मग तिसऱ्या. माणसं ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन चोरपावलांनी बाहेर यायला लागली. प्रेमलताबाईंनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? काकूंनी दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले. प्रेमलताबाईंनी मान डोलावली आणि बादलीची कडी वाजू नये म्हणून ती बोटांनी दाबून धरली.

गाडी मुक्याने घरावरून गेली. ओसरीत देवांश तोंड किंचित उघडं ठेवून घोरत होता. ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं होतं. पूर्वा पेपरची घडी त्याच्यापुढे आडवी धरून उभी होती आणि हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत होती.